वसईला येताय? आधी तिथी बघा!

सुट्टी लागली की पाहुण्यांचे फोन सुरू होतात, "वहिनी, वसईला येतोय, आधी काय बघू?" मी म्हणते, आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा! तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरदुपारी बाराच्या सुमारास, आणि तीही उधाणाची. राजोडी, कळंब, भुईगावचे किनारे दिसायला शांत, पण ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढतं. मैत्रिणींनो, मुलं गुडघाभर पाण्याच्या पुढे नकोत. पावसाळ्यात तेवढंही नको.

उधाणाच्या दिवशी किल्ला गाठा, तोही सकाळीच. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला अफाट आहे. सासूबाईंना सगळा फिरवायचा अट्टहास कशाला? अप्पांचा पुतळा, नागेश्वराचं देऊळ, एखादं पडकं चर्च, बास झालं. पाणी बरोबर घ्या आणि (हे पुरुषमंडळी कधीच सांगत नाहीत) स्वच्छतागृहाचं काम आधीच उरकून निघा. झाडीतल्या एकाकी भागात मुलींना एकटं सोडू नका.

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे. होडीत बसण्याआधी परतीची शेवटची होडी किती वाजता ते विचाराच.

जाताना सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली. महाग वाटतील, पण ती सोलणं, उन्हात घालणं, पुन्हा आत घेणं, त्यात आमच्या गावातल्या बायकांचे दिवस जातात.