खिडकीवाला पतंग

मोठा पतंग दिसला की तो ॲटलासच, आणि वर ‘अतिदुर्मिळ’, असं हल्ली ठरूनच गेलंय. पाऊस सुरू होताच यावल-रावेर पट्ट्यातूनही असे फोटो फिरू लागतात. गल्लीतली पोरं ‘काका, ॲटलास!’ म्हणत मला ओट्यावर घेऊन आली, तेव्हा भिंतीवर तळहाताहून मोठा, पिवळसर पतंग पंख पसरून बसला होता.

आकारावरून नाव ठरवू नये. आधी पंखांवरचे डोळे बघावेत. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, आणि त्याच्या मधोमध खवलेच नाहीत. त्यातून भिंतीचा निळा चुना आरपार दिसत होता. ॲटलासच्या या खिडक्या त्रिकोणी असतात, शिवाय पुढच्या पंखाच्या टोकावर सापाच्या तोंडाची नक्षी. चंद्रपतंग असता तर रंग फिकट हिरवा आणि मागे लांब शेपट्या. हा टसर, अँथेरिया मायलिट्टा. १७७३मध्ये ड्रुरी नावाच्या लंडनच्या सोनाराने त्याचं वर्णन केलं; सोनारकाम सांभाळून हा गृहस्थ जगभरचे किडे जमवायचा.

नर की मादी हे शृंगिका सांगतात. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर अंधारात त्याचा माग काढत येतो, म्हणून त्याच्या शृंगिका रुंद, पिसांच्या. इथे त्या अरुंद होत्या आणि पोट जाडजूड. मादीच. पोरांनी साखरपाणी आणलं, पण या पतंगाला खायला तोंडच धड नसतं. अळी असताना खाल्लेल्या पाल्यावर आठवडाभराचं आयुष्य निभावतं.

भंडारा-गडचिरोलीत ढिवर कुटुंबं रेशमासाठी हीच अळी ऐन-अर्जुनावर वाढवतात. आमच्याकडे ऐन सातपुड्यात, पण अळीला बोरही चालते. परसातल्या बोरीवर कोश सापडला: राखाडी, टणक, देठाचं कडं फांदीला घट्ट आवळलेलं. पानगळीतही तो गळत नाही. पतंग आत उन्हाळा काढून पावसाला बाहेर येतो. देठाकडे भोक होतं. पतंग द्रव सोडून तिथले धागे मऊ करतो आणि बाहेर पडतो. अशा फुटक्या कोशाचा सलग धागा निघत नाही, तो कातावा लागतो.

तोवर बाईंनी भिंतीवरच अंडी घातली होती. चपटी, अंगावर तपकिरी रेघा. अळ्यांनी काय चुना खायचा? पोस्टकार्डाने ती अलगद सोडवली, पानाच्या द्रोणात घालून बोरीला बांधली. आठ-दहा दिवसांत फुटतात, मुंग्या आधी पोचल्या नाहीत तर.