विंडोज बदलण्याआधी डिस्कचे कप्पे तपासा

खोडाळा परिसरातील आपल्या कुटुंबांत आता संगणक आले आहेत. कोणी मुंबईच्या नातेवाइकाकडून जुना आणला, कोणी हप्त्याने घेतला. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, विहाराचा जमाखर्च हे सारे त्यावर होते. ही समाधानाची बाब आहे. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि 'विंडोज ११ टाकून घ्या' असे जो तो सांगू लागला. सल्ला चुकीचा नाही. पण त्याआधी काय करायचे हे कोणी सांगत नाही, आणि तिथेच घात होतो.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने संगणक दुकानात दिला. नवी विंडोज मिळाली, पण डी ड्राइव्ह रिकामा! डिस्कचे कप्पे जुळत नाहीत म्हणून कारागिराने न विचारता सगळी डिस्क पुसली होती. आजोबांच्या १९५० पूर्वीच्या शाळेच्या दाखल्याची प्रत त्यात होती, आणि मूळ कागद पावसाच्या गळतीत आधीच गेला होता. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० साली मिळाल्या. पण जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. असा कागद गेला की मुलांचे शिक्षण अडते.

कप्पे म्हणजे काय?

संगणकात बहुधा एकच डिस्क असते. कपाटाला कप्पे पाडावेत तसे तिचे भाग पाडतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. सी कप्प्यात विंडोज, डी मध्ये आपले काम. शिवाय संगणक सुरू करून देणारा एक लहान, लपलेला कप्पाही असतो. तो निरुपयोगी समजून पुसू नये. संगणक सुरूच होणार नाही. 'सी मधले डी मध्ये ठेवले, आता काळजी नाही' असे अनेकांना वाटते. पण कपाटच जळाले तर दोन्ही कप्पे जाणार.

कोणता कप्पा कुठे सुरू होतो, याची नोंद डिस्कवरच असते. तिची जुनी पद्धत एमबीआर, नवी जीपीटी. जुन्या पद्धतीत मुख्य कप्पे चारच बसतात. विंडोज ११ ला यूईएफआय ही सुरुवातीची नवी व्यवस्था लागते आणि तिच्यासाठी डिस्क जीपीटी असावी लागते. जुन्या संगणकांचे अडते ते इथेच.

क्रमाने काय करावे?

१. सर्वप्रथम सगळे कागद, फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवावेत. चार-पाच फायली तिथून उघडून पाहाव्यात. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

२. स्टार्टवर उजवी कळ दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. कप्पे किती, हे वहीत लिहून घ्यावे. 'डिस्क ०' च्या प्रॉपर्टीजमध्ये, व्हॉल्यूम्स या भागात एमबीआर की जीपीटी ते कळते.

३. सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये, टूल्स या भागात, डिस्कमधील चुका तपासाव्यात. नको त्या फायली काढून सी मध्ये पुरेशी जागा मोकळी करावी.

४. डिस्क एमबीआर असेल तर पुसायची घाई नको. फायली न पुसता ती जीपीटी करणारे 'एमबीआर-टू-जीपीटी' हे साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच आहे. ते आधी डिस्क तपासते. मुख्य कप्पे तीनपेक्षा जास्त असतील, किंवा एका मोठ्या कप्प्यात पोटकप्पे पाडलेले असतील, तर ते नकार देते. मग जादा कप्प्यातला माल बाहेर काढून तो कप्पा मोडावा लागतो. बदलानंतर संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये यूईएफआय निवडावे लागते. हे जाणकाराकडूनच करून घ्यावे.

५. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. कप्पे बदलताना वीज गेली तर नोंद अर्धवट राहते. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा, मोठ्या संगणकाला यूपीएस असावा.

संगणक फारच जुना असेल तर विंडोज ११ त्यावर बसत नाही. त्यासाठी कर्ज काढू नका. लिनक्स फुकट मिळते. भारत सरकारच्या सी-डॅकने तयार केलेली बॉस ही त्यातलीच. फॉर्म भरायला, टायपिंगला ती पुरते. मात्र ती टाकतानाही 'इरेज डिस्क' हा पर्याय सगळी डिस्क पुसतो, हे ध्यानात ठेवावे.

कागद हीच आपली ठेव

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होते. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने पहिला खंड काढला तो १९७९ साली. कागद जपले गेले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

विहारात रविवारी जमतो, तेव्हा जाणत्या तरुणांनी तासभर काढावा. प्रत्येक कुटुंबाचे दाखले बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क त्या कुटुंबाच्याच हाती द्यावी. संगणक दुकानात देताना 'विचारल्याशिवाय डिस्क पुसू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे. विंडोज पुन्हा टाकता येते, आजोबांचा दाखला पुन्हा मिळेलच असे नाही.

जयभीम!