पाळलेले कासव

जबलपूर हे तलावांचे नगर. राणीताल, चेरीताल, अधारताल ही नावे राणी दुर्गावतीच्या काळाची आठवण देतात. पाणी मात्र सर्वत्र उरलेले नाही. अशा जलाशयांतून आणि नर्मदेच्या संथ डोहांतून कासव पिढ्यानपिढ्या नांदत आले. मराठी माणसाला ते देवळातल्या दगडी कासवामुळे परिचित. विहिरीचे पाणी निर्मळ राहावे म्हणून तीत कासव सोडण्याची चालही आपल्याकडे होतीच. याच मायेपोटी आज घराघरांतून काचेची टाकी येते.

बहुतेक देशी कासवे घरी ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. म्हणून बाजारात मिळते ते अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले कासव. विकत घेताना ते रुपयाएवढे दिसते. पुढे वीतभर होते, कधी त्याहूनही मोठे, आणि तीस वर्षे जगू शकते. टाकी अपुरी पडली की धनी पुण्य समजून त्याला नदीत सोडतो. वस्तुतः हा नदीवरचा अन्यायच. ते देशी कासवांचे खाद्य आणि उन्हात बसण्याच्या जागा बळकावते, क्वचित रोगही पसरवते.

मग सोडवून आणलेल्या अशा कासवाने जावे कोठे? मिसिसिपी दूर, नर्मदा वर्ज्य. जाणत्या हातांखाली राहून मुलांना शिकवणे, एवढीच वाट त्याला उरते. आणि शिकवण्यासारखे त्याच्यापाशी पुष्कळ आहे. कवच म्हणजे अंगावर घातलेला डगला नव्हे. पाठीचा कणा व बरगड्याच रुंदावून ते बनते; गोष्टीतल्याप्रमाणे कासव त्यातून बाहेर पडूच शकत नाही. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील अद्वैत हा महाकाय कासव मूळचा रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतला, असे सांगत. 2006 साली तो वारला, त्यापूर्वी त्याच्या कवचाला तडा जाऊन आत जखम झाली होती. केवळ भात-पावावर, उन्हावाचून वाढवलेल्या कासवाला चुना पुरत नाही. कवच मऊ पडते, वेडेवाकडे होते, आणि ते व्यंग पुढे सहसा जात नाही. असे एक कवच पाहिल्यावर मुले टाकीविषयी जे प्रश्न विचारतात, ते पाठ्यपुस्तक वाचून सुचत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. कासव धडधाकट दिसले तरी त्याच्या अंगावर पोटाचे विकार करणारे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. तेव्हा कासव हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, मगच डबा उघडावा.