देणगीचा पंप



धर्मादाय फंडातून यंदा कोणत्या गावाला काय द्यायचे, याची यादी करण्याचे काम शेतकी खात्याकडे आले आहे. अर्ज पुष्कळ आलेत. त्याआधी आफ्रिकेतल्या एका पंपाची हकिकत आपल्या कानावर घालतो.

दक्षिण आफ्रिकेत एक कल्पना निघाली. मुलांचे गोल फिरायचे चक्र बोअरवर बसवायचे. मुले खेळतील, चक्र फिरेल, पाणी वरच्या टाकीत चढेल. टाकीच्या चारी बाजूंना फलक, आणि जाहिरातींच्या भाड्यातून दुरुस्ती. ऐकायला झकास! २००० साली जागतिक बँकेचे बक्षीसही मिळाले. २००६ साली अमेरिकन सरकार आणि केस फाउंडेशन ही धर्मादाय संस्था वगैरेंनी मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले.

झाले काय? मुले हौस होती तोवर खेळली. पण घरात पाणी लागते भल्या पहाटे, तेव्हा मुले कुठली? मग ते जड चक्र बायाबापड्यांनी ढकलायचे. हातपंपावर एकटी बाई हापसून घागर भरते, पण कित्येक ठिकाणी तो हातपंप काढूनच हा बसवलेला! आडगावात जाहिरात कोण लावणार? फलक कोरे राहिले, सुटे भाग मिळेनात, पंप महिनोन्महिने बंद. वॉटरएड संस्थेने दाखवले की खर्च साध्या पंपाच्या चौपट. ‘गार्डियन’ वर्तमानपत्राने २००९ साली हिशेब मांडला, की ठरवलेले पाणी निघायचे तर मुलांनी दिवसाचे २७ तास खेळावे लागेल.

पुढचे मात्र आम्हाला आवडले. २०१० साली केस फाउंडेशनच्या जीन केस यांनी आपण कमी पडलो हे स्वतः लिहून कबूल केले. उरलेले पंप ‘वॉटर फॉर पीपल’ संस्थेकडे दिले, आणि कोणता पंप हवा ते गावाने ठरवावे, असे झाले.

आपण हसायचे कारण नाही. काही वर्षांमागे आमच्याच शिफारशीवरून एका संस्थेने एका गावाला पाचट कुट्टीचे यंत्र दिले. हार-नारळ झाले, फोटो निघाला. त्याला लागणारा मोठा ट्रॅक्टर गावात एकच, तोही सीझनभर ऊस वाहतुकीला. पाचट असते तेव्हा ट्रॅक्टर नाही, ट्रॅक्टर मोकळा होतो तेव्हा पाचट नाही! दुसऱ्या वर्षी त्या यंत्रावर कोंबड्या बसलेल्या आम्ही पाहिल्या. एका शब्दाने विचारले असते तर कुणीही सांगितले असते. आम्ही विचारले नाही.

म्हणून यंदा अर्जावर नुसता सरपंचांचा सही-शिक्का चालणार नाही. आम्ही गावात येऊ, पाणी भरणाऱ्या बायकांशीही बोलू. टाकी मागितली तर मोटारीचे लाईटबिल कोण भरणार, हे आधी ठरवा. मंजूर रकमेतला काही भाग दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा आणि नवी वस्तू आधी एक-दोन गावांतच द्यावी, असे आम्ही संचालक मंडळाला सुचवले आहे. ज्यांच्या गावचा अर्ज असेल त्या संचालकांनी तेवढ्यापुरते बैठकीतून उठावे, असेही लिहून दिले आहे. (राग आला तर आमच्यावर यावा.) दोन वर्षांनी पुन्हा पाहणी करून काय चालले, काय गंजले, ते याच अंकात छापू.

पूर्वी मिळालेली एखादी वस्तू आपल्या गावात बंद पडून असेल, तर गट ऑफिसला जरूर कळवा. कुणाला दोष देण्यासाठी नाही, यादीत तीच वस्तू पुन्हा येऊ नये म्हणून.

– ऊस विकास अधिकारी