मुरूम, खडी आणि भंडारदऱ्याचा फेरा

'ग्रॅव्हल बाईक' हा शब्द आपल्याकडे नवा असेल, पण ग्रॅव्हल आपल्या घरचीच आहे. क्रशरमधून येणारी काळी खडी आणि डोंगर उकरून निघणारा तांबूस मुरूम यांच्यावरच आपली वाडीवस्ती चालते. गंमत म्हणजे ही दोन्ही एकाच दगडाची दोन वयं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन आपला काळा बेसॉल्ट तयार झाला. तो धडधाकट असताना फोडला की खडी, आणि ऊनपावसाने आपोआप कुजून भुसभुशीत झाला की मुरूम. 'मुरूम' हा शब्द तर इतका पक्का, की रस्त्याची सरकारी कागदपत्रं इंग्रजीत निघाली तरी त्यांत मुरूम मुरूमच राहतो.

या मुरूम-खडीवर सायकल हाणायची महाराष्ट्रातली माझी सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे भंडारदरा. धरणाच्या जलाशयाभोवती फिरणारा हा रस्ता साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. तिथे काय काय भेटतं ते सांगतो. पण त्याआधी थोडं सायकलीबद्दल.

दूधवाल्याची सायकल आणि लाखाची सायकल

ग्रॅव्हल बाईक म्हणजे वाकड्या हँडलची, वजनाला हलकी आणि जाड टायरची सायकल. रेसच्या सायकलचा टायर २५ ते ३२ मिलिमीटर रुंद असतो. ग्रॅव्हलचा साधारण ३५ ते ५०. आता आजोबांची काळी सायकल आठवा. तिच्या टायरवर '२८ × १ १/२' असं कोरलेलं असायचं. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! पोस्टमन, दूधवाले आणि तालमीत जाणारे पैलवान वर्षानुवर्षं ग्रॅव्हलच्याच मापाच्या टायरवर फिरत होते. लाखभर रुपयांच्या सायकलीने ते माप आता पुन्हा शोधून काढलंय.

जाड टायरमध्ये हवा कमी भरायची, हे यातलं खरं गुपित. रेसच्या सायकलमध्ये ८०-१०० पीएसआय भरतात, तर ग्रॅव्हलच्या टायरला ३०-४० पुरतात. हवा कमी असली की टायर खड्यावर उडत नाही, खडा पोटात घेतो. या फेऱ्यावरच्या साम्रद गावी टपरीवर चहा पिताना एका आजोबांनी माझ्या टायरवर अंगठा दाबून पाहिला, मग दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "हवा गेलीय वाटतं रं तुझी!" गेलेली नाही, मुद्दाम कमी ठेवलीय, असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. "बराबर हाय. बैलगाडीला लोखंडी धाव व्हती तवा हाडं खिळखिळी व्हायची. रबरी टायर आलं आन् बैलबी सुखी झाला." टायरच्या दाबाचं शास्त्र याहून सोपं करून मला कुणीच सांगितलेलं नाही.

या खेळाचं वयही फार नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावी २००६ मध्ये जेमतेम ३४ सायकलस्वारांनी २०० मैलांची एक शर्यत सुरू केली. आज ती या खेळाची पंढरी मानली जाते. ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत झाली. म्हणजे खेळ अजून दुधाच्या दातांचा आहे.

तळं उजवीकडे ठेवा

इगतपुरीला रेल्वेने उतरायचं, घोटीमार्गे शेंडी गाठायचं. धरणाशेजारचं गाव ते हेच. फेरा इथूनच सुरू करा आणि आधी दक्षिण काठ धरा. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. असं गेलं की पाणी सतत उजव्या हाताला राहतं, म्हणजे देवळात घालतो तशी रीतसर प्रदक्षिणा होते. वाटेत कुठे डांबर, कुठे डांबराचे नुसते तुकडे, तर बांधावरून वाडीत शिरलात की शुद्ध मुरूम.

धरणाबद्दल एक दंतकथा इथे प्रत्येक जण ऐकवतो. 'आशियातलं सर्वांत जुनं धरण!' तसं ते नाही. भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून त्याचं नाव विल्सन डॅम. पुण्याचं खडकवासला त्याच्या कितीतरी आधीचं, १८७९ चं. तमिळनाडूतला कावेरीवरचा कल्लणै बंधारा तर चोळ राजा करिकालाच्या नावावर आहे, म्हणजे अठराशे वर्षांच्या घरातला. पण भंडारदऱ्याला खोट्या विक्रमाची गरजच काय? ८२ मीटर उंचीची दगडी भिंत त्या काळात, या पावसात, या दरीत बांधली, एवढं पुरे आहे. १९६९ मध्ये या भिंतीला तडे जाऊन मोठी गळती लागली, तेव्हा आधाराचे टेकू देऊन ती पुन्हा भक्कम केली.

पोटात पाणी किती? ११,०३९ दशलक्ष घनफूट. नगरकडच्या पेपरांत पावसाळाभर हा आकडा रोज छापून येतो, कारण संगमनेर, श्रीरामपूर, राहात्याचा ऊस या पाण्यावर आहे. खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरा नदीचे दोन्ही कालवे निघतात. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्याच खोऱ्यात उभा राहिला, तो उगाच नाही. आपण ज्या पाण्याकडे बघत पॅडल मारतो, त्याचीच पुढे साखर होते.

धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं की खालच्या गोल खडकावर ते छत्रीसारखं उघडतं. तो अम्ब्रेला फॉल. पाणी सोडलेलं नसेल तर तिथे नुसता खडक. विचारून जा.

रतनवाडीत थांबायचंच

प्रवरा उगम पावते रतनगडावर आणि त्याच्या पायथ्याशी आहे अमृतेश्वराचं देऊळ. काळ्या दगडाचं, शिखरापासून जोत्यापर्यंत कोरलेलं, शेजारी देखणी पुष्करणी. सायकल भिंतीला टेकवू नका, झाडाला टेकवा. हॅंडलचा एक ओरखडाही त्या नक्षीला शोभत नाही. मान वर केली की गडाच्या माथ्यावर कड्याला आरपार भोक दिसतं. त्याला म्हणतात नेढं. सुईचं असतं तेच नेढं, फक्त यातून माणसं जातात.

रतनवाडी ते साम्रद चढ आहे, दम काढणारा. छोटा गिअर टाका, सीटवरून उठू नका. खडीवर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, कारण अंगाचा भार पुढे जातो. साम्रदला सांदण दरी आहे. जमिनीला उभी चीर पडावी तशी ती दोन्ही बाजूंच्या कातळांच्या मधून कोकणाकडे उतरते. सायकल गावात ठेवून वाटाड्या घेऊन जा. पावसाळ्यात मात्र अजिबात नाही.

घाटघरचा थेंब

घाटघरला 'नगर जिल्ह्याची चेरापुंजी' म्हणतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोक टँकरची वाट बघतात.

इथल्या कोकणकड्याच्या काठावर पडलेल्या पावसाचे दोन रस्ते होतात. कड्याच्या पलीकडे पडलेला थेंब थेट शहापूरच्या अंगाला कोसळतो आणि लवकरच अरबी समुद्र गाठतो. हातभर अलीकडे पडला तर प्रवरा, मग गोदावरी, आणि जवळजवळ अख्खा भारत ओलांडून बंगालचा उपसागर. काठावर उभं राहिलं की हे भूगोलाच्या पुस्तकातलं राहत नाही, पायाखालचं होतं.

घाटघरला त्या कड्याचा एक विलक्षण उपयोगही केलाय. वर एक तलाव, चारशे मीटरहून अधिक खाली चोंढ्याला दुसरा. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून २५० मेगावॉट वीज करायची, मागणी ओसरली की तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. भला मोठा रिचार्जेबल सेलच म्हणा! रोलरने दाबून काँक्रीटचं धरण बांधायचं तंत्र भारतात पहिल्यांदा याच प्रकल्पात वापरलं गेलं. रस्ते दाबायचा रोलर धरणावर चालला, हे आम्हा मुरूमवाल्यांना फार आवडतं.

उडदावण्याकडे वळलं की अलंग, मदन, कुलंग हे तीन दणकट गड दिसू लागतात आणि मुरशेतकडे येताना कळसूबाई. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक.

कधी जायचं?

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी. सप्टेंबरमध्ये सोनकीने पठारं पिवळी होतात. कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे ती गाठली तर नशीब. उन्हाळ्याच्या तोंडी खाचरात धूर दिसला तर वणवा लागला असं समजू नका. तो राब भाजलेला असतो. पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात आणि त्याच जागी पावसात भाताची रोपं टाकतात. पुढे आवणीच्या दिवसांत सगळं गाव गुडघाभर चिखलात असतं. तेव्हा वाट अडवून फोटो काढत बसू नये. नाचणीची भाकरी आणि ठेचा मात्र वाडीतच खा, पैसे वाडीतच राहू द्या.

आणि एक हंगाम आहे काजव्यांचा, मे अखेर ते जूनचा मध्य. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं रात्री एका लयीत उजळतात आणि विझतात. लुकलुकत उडणारे बहुतेक नर, झाडाझुडपांतून उत्तर देतात त्या माद्या. प्रकाशाची ही बोलाचाली चालते जेमतेम दोन-तीन आठवडे आणि तेवढ्यातच पुढच्या पिढीची सोय व्हायची असते. हजार ल्युमेनच्या आपल्या सायकलच्या दिव्यापुढे नराची खूण मादीला दिसतच नाही. हा सगळा पट्टा १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. तेव्हा त्या दिवसांत गेलात, तर अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा, सायकल ओसरीवर लावा, दिवा बंद करा आणि पायी जा.