वारंवार तापणारे एंजिन : कारणनिदानाची पद्धती

मोटारीचे एंजिन वारंवार तापणे आणि त्यातील शीतनद्रव, म्हणजे व्यवहारात ज्यास कूलंट म्हणतात तो द्रव, पुनःपुन्हा कमी होणे ही दोन लक्षणे बहुधा बरोबरच आढळतात. आणि बरोबर आढळतात म्हणूनच त्यांचे निदान कठीण होते. द्रव कमी झाल्यामुळे एंजिन तापते हे जितके खरे, तितकेच एंजिन तापल्यामुळे द्रव उसळून बाहेर पडतो हेही खरे आहे. कारण कोणते व कार्य कोणते हे ठरविल्यावाचून केलेली दुरुस्ती ही पुष्कळदा सुट्या भागांची केवळ अदलाबदल ठरते. असे का घडते आणि ते कसे टाळता येईल, याचा विचार येथे एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

१. उष्णतेचा हिशेब

इंधनाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश उष्णतेचे उपयुक्त कार्य होते, सुमारे तेवढीच जळालेल्या वायूंबरोबर निघून जाते आणि उरलेल्या भागातील बहुतेक शीतनद्रवास वाहून न्यावी लागते. समजा, घाट चढताना एंजिन २० किलोवॅट शक्ती देत आहे. तेव्हा जवळजवळ तितकीच उष्णता शीतनद्रवात येत असते. द्रवाचे वस्तुमान ६ किलोग्रॅम व विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला दर अंशास ३.६ किलोज्यूल धरली, तर उष्णता बाहेर टाकण्याची क्रिया थांबताच द्रवाचे तापमान दर सेकंदास सुमारे ०.९ अंशाने वाढेल. एंजिनाची धातूही काही उष्णता शोषून घेते, म्हणून प्रत्यक्षातील वाढ याहून मंद असते. तरीही सुरक्षित तापमान आणि उकळणे यांमधील अंतर काही मिनिटांचेच आहे, हे यावरून ध्यानात यावे.

हे अंतर दाबाच्या साहाय्याने वाढविलेले असते. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळते. रेडिएटरच्या झाकणाने वातावरणापेक्षा सुमारे १ बार अधिक दाब राखला, तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळेल. इथिलीन ग्लायकॉल मिसळल्याने ही मर्यादा आणखी काही अंशांनी वर जाते. म्हणून सैल झालेले झाकण हे क्षुल्लक वाटले, तरी दोषाचे एक पूर्ण कारण होऊ शकते. तापलेल्या एंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, याचेही कारण हेच. दाब नाहीसा होताच १०० अंशांच्या वर असलेला द्रव तत्क्षणी उकळतो आणि उघडणाऱ्याच्या अंगावर उसळतो.

२. एक उदाहरण

आमच्या पाहण्यातील एका पेट्रोल गाडीचे एंजिन सपाट रस्त्यावर व्यवस्थित चाले. परंतु वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणीच्या घाटात ते हटकून तापे. दर वेळी थोडा द्रव कमी भरे आणि जमिनीवर मात्र गळतीचा थेंबही दिसत नसे. पहिल्या दुरुस्तीत थर्मोस्टॅट बदलण्यात आला, दुसऱ्या वेळी रेडिएटर आणि तिसऱ्या वेळी पाण्याचा पंप. प्रत्येक दुरुस्तीनंतर द्रव नव्याने भरला जाई, आतील हवा काढली जाई आणि काही दिवस गाडी चांगली चाले. ह्या तात्पुरत्या सुधारणेचे श्रेय नव्या भागास दिले जाई. वस्तुतः ते नव्याने भरलेल्या द्रवाचे होते.

आपल्या तर्कशास्त्रात कारण ठरविण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक या दोन्हींची अपेक्षा असते. भाग बदलला आणि दोष थांबला, हा झाला एक पुरावा. परंतु भाग न बदलता केवळ द्रव नीट भरला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

३. प्रश्नांचा क्रम

पहिला प्रश्न : एंजिन केव्हा तापते? वाहतुकीत थांबून असता तापत असेल व वेगात चालताना निवत असेल, तर हवेचा प्रवाह अपुरा आहे. म्हणजे पंख्याकडे पाहावे. याउलट, थांबून असता ठीक राहून चढावर किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदणे, द्रवाचे अभिसरण मंदावणे अथवा ज्वलनकक्षातील वायू द्रवात शिरणे यांचा संशय घ्यावा. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापत असेल, तर न उघडणारा थर्मोस्टॅट हे एक संभाव्य कारण होय.

दुसरा प्रश्न : द्रव जातो कोठे? बाहेरील गळती शोधण्यासाठी थंड एंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब देऊन दहा-पंधरा मिनिटे निरीक्षण करावे. दाब उतरला आणि नळ्या, पंप, रेडिएटर, गाडीतील हीटर ही सर्व कोरडी आढळली, तर द्रव एंजिनाच्या आतच जात असला पाहिजे. सकाळी प्रथम सुरू करताना रेंगाळणारा पांढरा धूर किंवा तेलात दिसणारा दुधट फेस हे त्याचे पोषक पुरावे. तथापि दाब न उतरणे हे निर्दोषतेचे प्रमाण मानू नये. काही फटी एंजिन तापल्यावरच उघडतात.

तिसरा प्रश्न : द्रवात वायू शिरत आहे काय? ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील दाब शीतनद्रवाच्या दाबाच्या अनेक पट असतो. हेड गॅस्केटमध्ये बारीक वाट सापडली, की भार पडताच वायू द्रवात घुसतो. एंजिन बंद केल्यावर उलट दिशेने द्रव सिलिंडरमध्ये झिरपतो. थंड एंजिन सुरू केल्यावर द्रव तापण्यापूर्वीच रेडिएटरची वरची नळी ताठ होत असेल, तर तो दाब उष्णतेचा नव्हे, वायूचा आहे. याची खात्री रासायनिक परीक्षेने करता येते. द्रवावरील हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावणातून ओढली असता तीत कार्बन डायऑक्साइड असल्यास रंग पिवळा होतो. मात्र शीतनद्रव स्वतःच द्रावणात ओढला गेल्यास ही परीक्षा व्यर्थ ठरते.

४. निष्कर्ष आणि मूळ कारण

वरील गाडीची नळी थंड स्थितीतच ताठ झाली आणि द्रावण पिवळे पडले. दोष हेड गॅस्केटमध्ये होता. निर्दोष भागांवर संशय का गेला, हेही आता स्पष्ट होते. थर्मोस्टॅटभोवती वायूचा बुडबुडा साचला, की त्यास द्रवाची उष्णता नीट लागत नाही आणि तो उशिरा उघडतो. पंपात वायू शिरला, की त्याची पकड सुटून अभिसरण मंदावते. वायूने द्रव बाहेर ढकलला, की रेडिएटर अर्धा रिकामा राहतो. तिन्ही भाग खरोखरच नीट काम करीत नव्हते, परंतु त्यांचे अपयश हे कार्य होते, कारण नव्हे.

तथापि येथेही थांबता येत नाही. गॅस्केट का फुटले? ह्या एंजिनाचा ठोकळा ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियमचे प्रसरण ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे एंजिन अतिशय तापले असता हेड वाकण्याचा संभव असतो. सरळ पट्टी व फीलर गेज लावून पाहता ते वाकलेले आढळले. मागे एका उन्हाळ्यात ही गाडी वाहतुकीत अडकली असता एकदा फार तापली होती, असे चौकशीत कळले. आणि पंख्याचा रिले अधूनमधून काम करीत नसल्याचे तपासणीत दिसून आले. पंखा थांबला, एंजिन तापले, हेड वाकले, गॅस्केट निकामी झाले, वायू शिरला, द्रव गेला आणि एंजिन पुन्हा तापू लागले, अशी ही साखळी होती. हेडचे फेसिंग न करता नुसते गॅस्केट बदलले असते, तर ते पुन्हा गेले असते. आणि रिले तसाच राहिला असता, तर नवे हेडही वाकले असते.

पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या दोषात शेवटचे लक्षण सर्वांत ठळक आणि पहिले कारण सर्वांत अस्पष्ट असते. नवा भाग बसविण्यापूर्वी त्यावाचून दोषाचा उलगडा होतो काय, हे पाहावे. आणि कोणतीही परीक्षा करण्यापूर्वी तिचा कोणता निकाल आपले अनुमान खोटे ठरवील, हे लिहून ठेवावे. वरील गाडीच्या बाबतीत ही दोन पथ्ये पाळली असती, तर तीन दुरुस्त्यांचा खर्च वाचला असता आणि प्रत्येक फेरीत हेडवर पडलेला नवा ताणही टळला असता.