बटणाच्या पांच अवस्था

आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थ्यानें गेल्या वर्षीं संगणकावर परीक्षेचा अर्ज भरला. शेवटीं ‘सादर करा’ हें बटण त्यानें दाबलें. परंतु पडद्यावर कांहींच पालटलें नाहीं. आपलें दाबणें पोहोंचलें कीं नाहीं हें न कळून त्यानें तें पुन्हां दाबलें, आणि शुल्क दोन वेळां कापलें गेलें. ती जादा रक्कम परत मिळविण्यासाठीं त्याच्या वडिलांस दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागली. एवढ्याशा बटणानें केवढा ताप दिला! अशीं बटणें कशीं घडवितात, आणि तें काम आतां यंत्राकडून कसें करून घेतां येतें, हें आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

पडद्यावरील बटण वरवर पाहतां एकच चित्र दिसतें. वस्तुतः तो अनेक चित्रांचा संच असतो. पहिली त्याची साधी अवस्था. माउसचा बाण वर आला असतां रंग किंचित् पालटतो, ती दुसरी. दाबल्याक्षणीं दिसते, ती तिसरी. कीबोर्डवरील टॅब कळीनें आपण बटणावर येऊन पोहोंचलों म्हणजे त्याच्या भोंवतीं कडें उमटतें, ती चौथी. काम चालू असतां, किंवा अर्ज अपुरा असतां, तें फिकट होऊन दाबणें स्वीकारीत नाहीं, ती पांचवी. वरील प्रसंगीं ही पांचवी अवस्था असती, तर दुसरें दाबणें व्यर्थ गेलें असतें आणि पैसे वांचले असते. चौथीचें महत्त्वहि कमी नाहीं. ज्याचा हात कांपतो व ज्यास माउस धरवत नाहीं, त्यास तें कडें हाच वाटाड्या होय. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या नियमांत हें कडें दिसलेंच पाहिजे असें सांगितलें आहे. तसेंच साधारण आकाराचीं अक्षरें व त्यांमागील रंग यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ : १ असावें, असेंहि एक माप दिलें आहे.

संगणकावर असे संच काढण्याची कल्पना जुनी आहे. १९६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ नांवाचा प्रोग्रॅम आपल्या प्रबंधांत मांडला. त्यांत एक मूळ आकृति काढून तिच्या हव्या तितक्या प्रति ठेवतां येत. रबरी शिक्क्याचा ठसा एकदां उमटला म्हणजे पुढें शिक्का बदलला तरी ठसा तसाच राहतो. येथें मात्र मूळ आकृति सुधारली कीं सर्व प्रति आपोआप सुधारत. ‘फिग्मा’ हें आराखडे काढण्याचें साधन २०१६ पासून सर्वांस खुलें झालें. त्यांत हेंच तत्त्व आहे. एका घटकाचे रूपभेद एकत्र ठेवण्याची सोय त्यांत २०२० सालीं आली. कोणत्या कृतीनें कोणत्या रूपांत जावयाचें, हें दुवे जोडून तेथेंच ठरवितां येतें.

आतां जरा हिशेब करूं. बटणाचे प्रकार ४, आकार ३ आणि अवस्था ५ धरल्या, तर ४ × ३ × ५ म्हणजे ६० रूपें होतात. प्रकार व आकार मिळून १२ गट. प्रत्येक गटांत दोनच दुवे धरले, तरी २४ दुवे जोडावे लागतात. हें झालें एका बटणाचें. चौकटी, याद्या, खुणा यांचे संच निराळेच. असें काम हातानें करतांना माणूस कंटाळतो, आणि कंटाळ्यांत अवस्था गळतात.

येथें ‘एजंट’ उपयोगी पडतो. भाषा जाणणाऱ्या कृत्रिम बुद्धीस ठराविक नांवाचीं लहान लहान साधनें दिलीं, म्हणजे तिला एजंट म्हणतात. एक साधन आकृति वाचतें, दुसरें तिची प्रत काढतें, तिसरें रंग पालटतें, चौथें दुवा जोडतें. अशीं साधनें जोडण्याची एक सामायिक पद्धति ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नांवानें अँथ्रोपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केली. फिग्मानेंहि २०२५ सालीं तिच्या आधारें आपली सोय प्रयोगादाखल खुली केली. आपण साध्या भाषेंत काम सांगावें. एजंट तें पायऱ्यांत विभागतो, एकेक साधन चालवितो, आणि झालेलें चित्र पाहून पुढची पायरी ठरवितो.

परंतु सांगितलेलें करणें निराळें आणि योग्य तें करणें निराळें. एका रूपास ‘दाबलेली’ व दुसऱ्यास ‘दाबलेलि’ असें नांव पडलें, तर यंत्र त्यांस दोन भिन्न अवस्था मानतें. मोठ्या बटणाचा दुवा चुकून लहान बटणाच्या रूपास जोडला गेला, तर दाबतांच बटण आकसतें. आणि मागणाऱ्यानेंच पांचवी अवस्था सांगितली नाहीं, तर साठ काय, सहाशें रूपें झालीं तरी त्या मुलाचे पैसे दोनदां कापले जावयाचेच. म्हणून प्रथम अवस्थांची यादी स्वतः लिहावी. नांवें एकाच रीतीनें ठरवावीं. एका गटाचें काम करवून तें तपासावें. आणि मगच उरलेले अकरा गट एजंटाच्या हातीं द्यावे.

आमची विद्यार्थ्यांस व पालकांस एक सूचना आहे. आज सायंकाळीं घरीं माउस बाजूस ठेवून कोणताहि अर्ज केवळ टॅब कळीनें चालवून पाहा. कडें कोठें दिसतें, कोठें हरवतें, याची नोंद करा. दहा मिनिटांच्या या खेळानें दुसऱ्याची अडचण पाहण्याची नजर येते; ती नजर ज्यास आहे, त्याच्याच हातीं हें नवें साधन शोभेल.